पक्षाघातावर मूलपेशी प्रत्यारोपण : चाचण्यांनी आजवर काय दाखवले आहे

धागाकर्ती : सुमेधा_इंदूर

नमस्कार मंडळी,

मी इंदुरात पक्षाघाताच्या रुग्णांना व्यायामोपचार देते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा आपल्या वस्त्यांतील कुटुंबे अलीकडे मला वारंवार एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे "ताई, स्टेम सेल करून घ्यावे का?" कुणाच्या व्हॉट्सॲपवर चित्रफीत आलेली असते, कुणाला परगावच्या एखाद्या केंद्राने काही लाखांचे अंदाजपत्रक पाठवलेले असते, आणि घरात मुदतठेव मोडायची की दागिने गहाण ठेवायचे, यावर बोलणी सुरू झालेली असतात. रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून दोन वाक्यांत याचे उत्तर देता येत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. पैसे मोजून घ्यावा असा मूलपेशींचा (म्हणजे स्टेम सेलचा, ज्यांपासून शरीरातील इतर पेशी तयार होऊ शकतात) कोणताही उपचार पक्षाघातासाठी आज उपलब्ध नाही. रीतसर मंजूर झालेल्या चाचणीत सहभागी होणे ही गोष्ट वेगळी आहे आणि तिला माझा विरोध नाही.

पक्षाघात बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने होतो, काही वेळा रक्तवाहिनी फुटल्याने होतो. गुठळीच्या प्रकारात पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते, आणि मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत जांघेतून नळी घालून गुठळी बाहेर काढता येते. हे दोन्ही उपचार मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहेत. ज्यांची ही वेळ टळून गेली त्यांच्या मेंदूतील मृत भाग पुन्हा जिवंत करणारे औषध मात्र नाही, आणि मूलपेशींची जाहिरात नेमकी तेथे शिरते.

या संशोधनामागची आशा निराधार नव्हती, हेही सांगितले पाहिजे. १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखे बनवले आणि २०१२ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. अस्थिमज्जेतून, म्हणजे हाडांच्या आतील मऊ गरातून, काढलेल्या पेशी दिल्यावर पक्षाघात झालेले उंदीर अधिक चांगले चालू लागले, असे अनेक प्रयोगशाळांत दिसले. परंतु त्या प्रयोगांतील उंदीर बहुधा तरुण आणि निरोगी असतात, त्यांची रक्तवाहिनी ठरावीक वेळेपुरती बंद केलेली असते, आणि पेशी पुष्कळदा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत दिल्या जातात. माझ्याकडे येणारा रुग्ण साठीचा असतो, त्याला मधुमेह आणि रक्तदाब असतो, आणि मेंदूतील मृत भागाची काही महिन्यांत द्रवाने भरलेली पोकळी झालेली असते. हात हलायचा तर मेंदूच्या पृष्ठभागावरील चेतापेशीचा तंतू थेट पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोहोचावा लागतो. कंबरेच्या हाडातून काढलेली पेशी त्या पोकळीत रुजते आणि असा तंतू धाडते, हे कोठेही सिद्ध झालेले नाही. म्हणूनच संशोधकांची भाषाही बदलली. या पेशी स्वतः चेतापेशी होत नाहीत, तर काही वाढघटक स्रवतात, दाह आटोक्यात ठेवतात आणि उरलेल्या मेंदूला सावरायला मदत करतात, असा विचार आता मांडला जातो. तसे होत असेल, तर त्याचा परिणाम रुग्णाच्या दैनंदिन हालचालींत मोजता आला पाहिजे.

तो मोजण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न आपल्याच देशात झाला, आणि त्याविषयी इतके कमी बोलले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते. दिल्लीच्या एम्सचे डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पाच केंद्रांवर १२० रुग्णांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघात होऊन एक आठवडा ते एक महिना झालेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले गेले. एका गटाला त्यांच्याच अस्थिमज्जेतील सरासरी सुमारे २८ कोटी पेशी शिरेतून दिल्या, दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार दिले, आणि कोण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नसलेल्या तपासनिसांनी सहा महिन्यांनी सर्वांना तपासले. जेवणे, आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, खाटेवरून खुर्चीत बसणे, जिना चढणे अशा दहा गोष्टींवर शंभरपैकी गुण देणारा बार्थेल निर्देशांक त्यासाठी वापरला होता. चाचणीत घेताना या रुग्णांचे गुण ५० किंवा त्याहून कमी होते. सहा महिन्यांनी पेशी घेतलेल्यांची सरासरी ६३.१ आली आणि न घेतलेल्यांची ६३.६. पेशी देणे सुरक्षित आढळले, उपयोग मात्र दिसला नाही.

ही दुसरी संख्या सर्वांनी ध्यानात ठेवावी, अशी माझी विनंती आहे. पेशी न घेतलेले रुग्णसुद्धा सुधारले, आणि तितकेच सुधारले. कोणत्याही केंद्राच्या चित्रफितीत हा दुसरा गट दिसत नाही.

चित्रफितींत बहुधा स्टॅनफर्डचे नाव घेतले जाते. तेथे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कवटीला लहान छिद्र पाडून जुना पक्षाघात असलेल्या १८ रुग्णांच्या मेंदूत बदल केलेल्या अस्थिमज्जा-पेशी सोडल्या होत्या आणि अनेकांची हालचाल सुधारली होती. त्या बातमीने जगभर खळबळ माजली. मात्र त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. त्याच पेशींची १६३ रुग्णांवर, काहींना पेशी न देता केवळ दिखाऊ छिद्र पाडून, तुलनात्मक चाचणी झाली तेव्हा मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही, असे २०१९ मध्ये जाहीर झाले. जपानमध्ये पक्षाघातानंतर १८ ते ३६ तासांत पेशी देऊन २०६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तोही निराशाजनक होता. स्पेनमध्ये पेशी थेट मेंदूच्या धमनीत सोडूनही फरक पडला नाही.

शेवटी आपल्या शहरापुरता एक खुलासा करते. आपल्या एम.वाय. रुग्णालयात २०१८ पासून अस्थिमज्जा प्रत्यारोपण होते, "मग पक्षाघाताचे का नाही?" असे मला विचारले जाते. थॅलसेमियासारख्या रक्ताच्या विकारांत रुग्णाची रक्त तयार करणारी व्यवस्थाच बदलायची असते, आणि रक्ताच्या मूलपेशी तेच काम जन्मभर करत असतात. तो उपचार अनेक दशकांच्या अनुभवाने प्रस्थापित झालेला आहे. पक्षाघातात त्या पेशींकडून त्यांचे नसलेले काम मागितले जाते.

आपले अनुभव आणि शंका अवश्य लिहाव्यात.

---

नर्मदातीर

सुमेधाताई, लेख काळजीपूर्वक वाचला. तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. माझ्या आत्याच्या यजमानांना पक्षाघात झाल्यावर दुसऱ्या महिन्यात बाहेरगावी नेऊन पाठीतून अशा पेशी दिल्या. त्यापूर्वी त्यांचा उजवा हात पूर्ण लुळा होता, आणि महिन्याभरात ते बोटे मिटू लागले. आम्ही सर्वांनी ते डोळ्यांनी पाहिले आहे. चाचण्यांतील सरासरी काहीही सांगो, एखाद्याला गुण येतच नसेल, असे कसे म्हणता येईल?

---

सुमेधा_इंदूर

नर्मदातीर, आपण पाहिले ते खरेच आहे. काकांचा हात सुधारला यात मला शंका नाही, माझा प्रश्न श्रेय कोणाचे, इतकाच आहे. पक्षाघातानंतर आपोआप होणारी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. सुरुवातीला मृत भागाभोवतीची सूज उतरते, सुन्न पडलेला पण जिवंत असलेला मेंदू पुन्हा काम करू लागतो, आणि शेजारचे भाग काही कामे उचलतात. पेशी दुसऱ्या महिन्यात दिल्या तर त्यानंतरची सारी सुधारणा त्यांच्या नावावर जमा होते.

हात कसा परततो ते मी रोज पाहते. आधी खांदा किंचित उचलला जातो, मग कोपर दुमडते, मग बोटे एकत्र मिटतात. मिटणे आधी येते आणि उघडणे उशिरा येते. टेबलावरची स्टीलची वाटी रुग्ण घट्ट धरतो, पण सोडता येत नाही म्हणून दुसऱ्या हाताने एकेक बोट सोडवतो. पुढे एखाद्या दिवशी अंगठा स्वतःहून थोडासा बाहेर येतो, आणि त्या दिवसापासून आम्ही वाटी धरणे-सोडणे हा सराव पुन्हा पुन्हा करून घेतो. ज्यांनी कोणत्याही पेशी घेतलेल्या नाहीत, त्यांच्यातही हा क्रम मी पाहते. म्हणून महिन्याभरात बोटे मिटू लागली, एवढ्यावरून पेशींचा गुण ठरवता येत नाही. अगदी तसाच रुग्ण पेशींविना किती सुधारला असता, हे कळावे म्हणूनच दुसरा गट लागतो.

---

सूक्ष्मदर्शी

मी विकृतिशास्त्राचा (पॅथॉलॉजीचा) निवृत्त डॉक्टर असून अस्थिमज्जेचे नमुने तपासण्यात माझे आयुष्य गेले आहे. सुमेधाताईंच्या लेखनाला थोडी तांत्रिक पुस्ती जोडतो.

पेशी काढताना रुग्णाला कुशीवर किंवा पालथे झोपवून, कंबरेच्या मागील हाडाजवळची त्वचा बधिर करतात आणि जाड सुई दाब देत हाडात शिरवतात. त्वचा बधिर होते, पण मज्जा ओढली जाताना होणारी खोल कळ पूर्णपणे थांबवता येत नाही. नळीत येणारा द्रव साध्या रक्तापेक्षा दाट दिसतो, काचेवर पसरला तर त्यात चरबीचे चकाकणारे थेंब आणि मज्जेचे बारीक कण दिसतात. यातून तांबड्या पेशी वेगळ्या केल्यावर जे उरते त्यात बहुसंख्य पेशी लिम्फोसाइट व मोनोसाइट या पांढऱ्या पेशी आणि रक्तपेशींच्या निरनिराळ्या कच्च्या अवस्था असतात, आणि खऱ्या मूलपेशी अत्यंत थोड्या असतात. "आम्ही कोट्यवधी स्टेम सेल देतो" असे सांगणारे केंद्र प्रत्यक्षात कोट्यवधी मिश्र पेशी देत असते. एम्सच्या चाचणीतही अशाच मिश्र पेशी होत्या, परंतु त्या संशोधकांनी तसे स्पष्ट लिहिले होते.

ज्या मेसेनकायमल पेशी (अस्थिमज्जेतही सापडणारा मूलपेशींचा एक प्रकार) प्रयोगशाळेत वाढवून देतात, त्यांचा व्यास साधारण १५ ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. फुफ्फुसातील केशवाहिन्या त्याहून अरुंद असतात. शिरेतून सोडलेल्या पेशी हृदयातून प्रथम फुफ्फुसात जातात आणि त्यांतील मोठा भाग तेथेच अडकतो. मेंदूपर्यंत फारच थोड्या पोहोचतात.

तिसरा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. पक्षाघाताचा रुग्ण पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधे घेत असतो. पाठीतून सुई घालायची असेल तर त्यांपैकी काही औषधे आधी थांबवावी लागतात, अन्यथा मणक्यात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे सिद्ध न झालेल्या उपचारासाठी सिद्ध झालेले संरक्षण काही दिवस काढून घेतले जाते. केंद्राने असे सांगितले असेल, तर आपल्या न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.

---

राऊ_रहिवासी

माझ्या वडिलांना मागच्या हिवाळ्यात पक्षाघात झाला. ते अजून बोलू शकत नाहीत, आणि आम्ही येथे ज्यांना दाखवले त्यांनी "आता जे आहे ते स्वीकारा" असे सांगून आम्हाला बाहेर पाठवले. एका केंद्राने मात्र तासभर बसून आमचे ऐकून घेतले. पैसे आमचे आहेत, धोका आम्ही समजून घेत आहोत, आणि पेशी वडिलांच्या स्वतःच्या आहेत. सिद्ध झाले नाही म्हणजे खोटे आहे, असे तर नाही ना? पुरावा येईपर्यंत वडिलांनी थांबायचे का? हे मी रागाने विचारत नाही, घरात आम्ही रोज याच प्रश्नापाशी अडतो.

---

सुमेधा_इंदूर

राऊ_रहिवासी, आपल्याला ज्या पद्धतीने बाहेर पाठवले गेले ते चुकीचे होते. तासभर ऐकून घेणे हा प्रत्येक रुग्णाचा हक्क आहे, तो मिळावा म्हणून लाखो रुपये मोजण्याची वेळ येऊ नये.

"सिद्ध झाले नाही" याचे दोन अर्थ होतात. अजून कोणी तपासलेच नाही, हा एक, आणि तपासले पण उपयोग दिसला नाही, हा दुसरा. अस्थिमज्जेच्या पेशींबाबत आपण आज पहिल्यापेक्षा दुसऱ्या अर्थाच्या अधिक जवळ आहोत. पुढे वेगळ्या पेशी, वेगळी वेळ, वेगळा मार्ग यांतून काही हाती लागू शकते आणि तसे व्हावे अशी माझीही इच्छा आहे. परंतु केंद्रे आज जे विकत आहेत ते त्या भविष्यातील संशोधनाचे फळ नाही, तपासून निष्प्रभ आढळलेल्या पद्धतींच्या जवळचेच काहीतरी आहे. शिवाय आज अशा पेशी घेतल्या तर पुढे एखाद्या चांगल्या चाचणीतून वडिलांना वगळले जाण्याची शक्यता असते, कारण पूर्वी पेशी घेतलेल्यांना अनेक चाचण्या प्रवेश देत नाहीत.

धोक्याविषयीही लिहिते. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६६ वर्षांच्या पक्षाघाताच्या रुग्णाची हकीकत आली होती. त्याने चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिको येथे पैसे देऊन पाठीतून पेशी घेतल्या. पुढे त्याच्या मज्जारज्जूत वेगाने वाढणारी गाठ आढळली, आणि तपासणीत त्या गाठीतील पेशी त्याच्या स्वतःच्या नसून परक्या असल्याचे निघाले. स्वतःच्या अस्थिमज्जेच्या पेशींनी असे होण्याची शक्यता फार कमी आहे, हे मान्य. परंतु नळीत नेमके काय आहे, हे बाहेरच्या कोणी तपासत नसेल तर त्या पेशी कोणाच्या आहेत हेही आपल्याला केवळ विश्वासावर मानावे लागते.

वडिलांच्या वाचेसाठी स्वतंत्र वाचोपचार सुरू आहेत का? आपल्या संदेशात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. वाचा गेलेल्या रुग्णात सुधारणेची खिडकी हातापायांपेक्षा जास्त काळ उघडी राहू शकते, आणि नियमित, भरपूर सरावाने महिन्यांनंतरही फरक पडतो हे अभ्यासांत दिसले आहे. ते मराठी बोलत असतील तर सरावही मराठीतच व्हावा, यासाठी आग्रह धरा. आपल्या शहरात उपचार बहुधा हिंदीतून होतो, आणि ज्यांनी घरात आयुष्यभर मराठी वापरली त्यांच्याकडून हिंदी शब्द काढून घेण्याचा प्रयत्न होतो. घरातील माणसांची नावे, देवपूजेतले शब्द, चहा-पोळी-भाजी, यांपासून सुरुवात करता येते.

---

देवासचा_वाचक

आम्हाला ज्या केंद्राची माहिती मिळाली त्यांनी "आमची सरकारी नोंदणी आहे" असे सांगून एक प्रमाणपत्रही दाखवले. ते खरे की खोटे हे सामान्य माणसाने कसे ओळखावे?

---

सूक्ष्मदर्शी

प्रमाणपत्र कशाचे आहे ते आधी वाचा. रुग्णालयाची, संस्थेची किंवा प्रयोगशाळेची नोंदणी म्हणजे त्या उपचाराला मान्यता नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक विकारांतील प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचा रुग्णांवरील वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. त्याबाहेरचा वापर अनैतिक आणि गैरव्यवहार मानला गेला आहे, आणि अशा उपचारांची जाहिरात करण्यालाही मनाई आहे.

चाचणी खरी असेल तर तिला क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या नोंदवहीतील क्रमांक असतो. भारतात २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे आणि नोंदवही कोणालाही विनाशुल्क पाहता येते. क्रमांक मिळाला की आजार पक्षाघातच आहे का, केंद्राच्या यादीत हेच रुग्णालय आहे का, तुलनेसाठी दुसरा गट आहे का, आणि रुग्णभरती अजून चालू आहे का, हे पाहा. केवळ नोंद असणे म्हणजे मंजुरी नव्हे, म्हणून नैतिकता समितीचे आणि औषध नियंत्रकांचे मंजुरीपत्रही मागा. सर्वांत सोपी कसोटी पैशांची आहे. ज्या पेशींची परीक्षा चालली आहे त्यांची किंमत रुग्णाकडून घेतली जात नाही, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची जबाबदारी २०१९ च्या नियमांनी चाचणी घेणाऱ्यांवर टाकली आहे. "चाचणी आहे, पण पॅकेज इतके लाख" असे कोणी म्हणाले, तर तेथून उठावे.

---

धारवाला

विषय पक्षाघातानंतरचा आहे, तरी धार, बडवानी, खरगोनकडच्या वाचकांसाठी लिहितो. आमच्याकडे लकवा मारला की अजूनही आधी झाडफूक करणाऱ्याकडे किंवा तेलमालिश करणाऱ्याकडे नेतात, आणि इंदूरला पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक दिसले तर जेथे सीटी स्कॅन आहे तेथेच थेट न्यावे आणि रुग्णाला शेवटचे ठीक कधी पाहिले ती वेळ डॉक्टरांना सांगावी.

---

नर्मदातीर

सुमेधाताई, आपले उत्तर आत्याला वाचून दाखवले. तिने एक प्रश्न विचारायला सांगितला आहे. नातवाच्या जन्माच्या वेळी नाळेचे रक्त एका खाजगी बँकेत साठवले आहे, दरवर्षी शुल्क भरतो, आणि "कुटुंबातील कोणालाही उपयोगी" असे त्यांनी सांगितले होते. ते काकांना देता येईल का?

---

सुमेधा_इंदूर

नाही. नाळेच्या रक्तातील पेशी पक्षाघातात देऊन अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी तुलनात्मक चाचणी केली आहे, आणि तिच्यात फायदा दिसला नाही. ते रक्त रक्ताच्या काही विकारांत जुळणाऱ्या व्यक्तीला उपयोगी पडू शकते, पण नातवाच्या आणि आजोबांच्या पेशी जुळतीलच असे नसते, आणि काकांचा आजार त्या यादीत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही पुढे कधीतरी स्वतःला उपयोग होईल म्हणून खाजगी बँकेत नाळ साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असे म्हटले आहे. ज्या कुटुंबात थॅलसेमियासारखा आजार असलेले दुसरे मूल आहे, त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि तेथे रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तसे काही नसेल तर यंदाचे शुल्क भरायचे की नाही, हे आत्याने काकांच्या आजाराचा विचार बाजूला ठेवून ठरवावे. काकांची बोटे मिटू लागली आहेत, तर आता उघडण्याचा सराव कोण करून घेत आहे आणि दिवसातून किती वेळ, ते मला कळवा.